तंटामुक्ती आणि शिक्षेपलीकडचा न्याय

कोल्हापूर - बांध कोरल्यावरून दोन भावांत हाणामारी झाली, तर फौजदारी न्यायालय एखाद्याला दंड करते. बांध मात्र तसाच वादग्रस्त राहतो आणि दोन्ही घरांतील बोलाचालही बंद होते. कोणते कलम मोडले, यापेक्षा कोणाचे काय नुकसान झाले आणि ते कोणी भरून द्यावयाचे, हा प्रश्न आधी विचारणाऱ्या पद्धतीस पुनर्स्थापक न्याय म्हटले जाते. कॅनडातील एल्मिरा गावात १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत २२ जणांच्या मालमत्तेची नासधूस केली. त्यांना प्रत्येकाच्या दारी जाऊन भरपाईचे बोलणे करावयास लावण्यात आले, तेथून या विचाराचा आधुनिक प्रवास सुरू झाल्याचे मानतात. न्यूझीलंडने १९८९ मध्ये माओरी समाजाच्या परंपरेचा आधार घेऊन बालगुन्हेगारांसाठी कुटुंबाच्या बैठकीची तरतूद कायद्यातच केली.

कोल्हापूरला हा विचार अगदीच परका नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याची कामे दिली. शेजारच्या औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसविली. तेथे गंभीर गुन्ह्यांतील कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. कोल्हापूरच्याच व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून सुचला.

राज्यभर पोहोचलेला प्रयत्न म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने ती १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावयाची, पोलीस पाटलाने निमंत्रक म्हणून काम पाहावयाचे, दिवाणी, महसुली व फौजदारी तंट्यांची नोंद करून दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावयाचे, अशी तिची रचना. फौजदारीत केवळ आपसात मिटविता येणारेच गुन्हे समितीपुढे येतात. खून, बलात्कार, दरोडा यांना तेथे जागा नाही. न्यायालयात दाखल झालेला वाद मिटला, तर तडजोड लोकअदालतीमार्फत नोंदविली जाते. बांध, पाणंद, विहिरीची पाळी, वाटणी अशा तंट्यांत साक्षीदार, नकाशा आणि जुनी माहिती गावातच असल्याने निकाल लवकर लागतो, हे या पद्धतीचे खरे बळ.

बक्षिसाची रक्कम लोकसंख्येनुसार असल्याने गावोगावी चुरस लागली. येथेच एक अडचणही आहे. गुणांसाठी तंटा 'मिटविणे' आणि झालेले नुकसान भरून निघणे या एकच गोष्टी नव्हेत. समितीत गावातील वजनदार मंडळी आणि समोर एखादी विधवा, भूमिहीन मजूर किंवा दलित कुटुंब असेल, तर 'गावचे ऐका' हा आग्रह दडपण ठरू शकतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यांत गावपातळीवर तडजोड होऊच शकत नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध राज्याला वेगळा कायदा करावा लागला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. समाजाच्या हाती न्याय सोपविताना तक्रारदाराला नकार देऊन न्यायालयात जाण्याची मोकळीक राहते की नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.

अलीकडे कायद्यानेही थोडी वाट मोकळी केली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षेचा प्रकार म्हणून प्रथमच आली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, दोषी पहिल्यांदाच ठरलेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, असे असल्यास तुरुंगाऐवजी समाजसेवा करावी लागते. म्हणजे भरपाई आधी, शिक्षा नंतर. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यातही गावातील शांततेस बाधा आणू शकणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांची तरतूद आहे. मात्र अशा समझोत्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. बांधाचा वाद मात्र अजूनही तलाठ्याच्या चावडीपासूनच सुरू होतो.