तानसा ते कावेरी : गळाच्या हौसेचा नऊशे वर्षांचा इतिहास

१/
भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी म्हटले की नित्यानंद स्वामींची समाधी आणि तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे आठवतात. याच तानसाच्या पाण्यामुळे मुंबईतील एक तलाव पिण्याच्या कामातून मोकळा झाला आणि पुढे हौशी गळवाल्यांचे माहेरघर बनला. त्या हौसेचा दुसरा टोकाचा धागा कावेरीत जाऊन पोहोचतो. तेथे महाराष्ट्रातून नेलेल्या एका माशाने स्थानिक माशाला नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आणण्यास हातभार लावला. हा त्या प्रवासाचा इतिहास.

२/
आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तानसा-वैतरणेच्या खोऱ्यातील वारली, कातकरी आणि इतर समाजांसाठी मासा हे अन्न. मृगाच्या पहिल्या सरींनंतर ओढ्यांतून उलटे चढणारे ‘चढणीचे मासे’ पकडण्याची धांदल आजही या पट्ट्यात दिसते. तेथे पाग, सापळा, गळ, नुसते हात, सारे काही चालते. हौशी गळवाल्याचे गणित वेगळे. एक काठी, एक दोरी, एक आकडा आणि ताकदवान मासा. किती मासे मिळाले यापेक्षा तो मासा कसा झुंजला याला तेथे मोल.

३/
ही हौस इंग्रजांनी आणली, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही जुनी नोंद याच ग्रंथातली. मराठी साहित्याचे अभ्यासक त्यासाठी त्याला ओळखतात. मात्र त्यातील ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण फारसे कोणी उघडून पाहत नाही.

४/
पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असा या ग्रंथाचा बांधा आहे. राजाच्या करमणुकींना वाहिलेल्या चौथ्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ येतो. सोमेश्वर सुमारे ३५ प्रकारच्या माशांचा उल्लेख करतो. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम व लहान, अशी वर्गवारी लावतो. कोणत्या माशाला काय खायला घालावे हेही सांगतो. आधी ठरावीक जागी मासे चारून माणसाळवावेत आणि मगच गळ टाकावा, असा त्याचा क्रम आहे.

५/
साधनांचे वर्णनही नेमके आहे : काठी, वनस्पतीच्या धाग्यांची दोरी, लोखंडी गळ, आमिष म्हणून पिठाचे व पेंडीचे गोळे. विसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ संपादित केला. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी ‘मत्स्यविनोदा’चा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे गळाच्या छंदावरील विख्यात पुस्तक १६५३ सालचे. सोमेश्वर त्याच्या पाच शतके आधीचा.

६/
यानंतर थेट एकोणिसाव्या शतकात यावे लागते. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याची १८२४ साली दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमणूक झाली. त्याने पुण्याच्या आसपासच्या नद्यांतील मासे गोळा केले आणि १८३० च्या दशकाअखेर लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे त्यांचे वर्णन ठेवले. नवी नावे देताना त्याने अनेकदा मराठी बोलीतील शब्दच घेतले. म्हणूनच ‘खुद्री’, ‘कोळस’, ‘रोहटी’ असे शब्द आज जगभरच्या शास्त्रीय यादीत आहेत.

७/
यांपैकी ‘खुद्री’ या कथेचा नायक आहे. शास्त्रीय नाव टॉर खुद्री, म्हणजेच दख्खनचा महाशीर. काही भागांत त्याला खडशी म्हणतात. साइक्सचा नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या प्रवाहातून आला होता. मोठे खवले, जाड ओठ, वाहत्या पाण्याची ओढ आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढण्याची सवय, ही त्याची ओळख. गळाला लागल्यावर पहिल्याच झेपेत तो दोरीचा मोठा भाग ओढून नेतो. या झेपेसाठीच गळवाले त्याच्या मागे लागले.

८/
त्या वेडाला ग्रंथरूप दिले हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास प्रांतातील सनदी अधिकाऱ्याने. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७३ साली निघाले. काठी कशी असावी, दोरी किती, आमिष कोणते, याबरोबरच नद्यांतील मासे का घटत आहेत हाही त्याच्या चिंतेचा विषय होता. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास बंदी केली. छंद आणि संरक्षण यांची जोडी येथून दिसू लागते.

९/
आता पुन्हा तानसाकाठी. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० पासून आणि तुळशीचे १८७९ पासून मिळू लागले होते, पण शहराची तहान वाढतच होती. म्हणून शहापूर तालुक्यात तानसा नदीवर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण बांधायला घेतले गेले. ते पूर्ण होण्याआधीच, १८८९ च्या सुमारास, टंचाई तीव्र झाली. तातडीचा उपाय म्हणून पवईच्या खोऱ्यात बांध घालून तलाव करण्यात आला.

१०/
पवईचे पाणी निकृष्ट ठरले. १८९२ साली तानसाचे पाणी मुंबईत आले आणि पवईची निकड संपली. शहराच्या वेशीवर एक विस्तीर्ण तलाव पिण्याच्या कामातून मोकळा झाला. १९३० च्या दशकात स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशनने येथे बस्तान बसवले. तीच आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. तलावात मासे सोडायचे, त्यांची राखण करायची आणि सभासदांनी परवान्याने गळ टाकायचा, अशी ही व्यवस्था. गणेशपुरीवरून वाहणाऱ्या नदीने मुंबईच्या गळवाल्यांना त्यांचा तलाव मिळवून दिला, तो असा.

११/
या देणगीची दुसरी बाजूही आहे. धरणामुळे वरच्या अंगाला तलाव आणि खालच्या अंगाला पावसाळा सरताच आटणारे पात्र, अशी नदीची विभागणी होते. प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशाला भिंत ओलांडता येत नाही. विसाव्या शतकात सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर पाणी, वीज आणि सिंचनासाठी धरणे उभी राहत गेली. दख्खनचा महाशीर अनेक नद्यांतून कमी होत गेला, त्यामागे बेसुमार मासेमारी आणि प्रदूषण यांच्याबरोबरच हेही एक मोठे कारण होते.

१२/
उपाय लोणावळ्यात शोधला गेला. टाटांच्या जलविद्युत योजनेच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या सुमारास महाशीराच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग सुरू झाले. मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही या कामातील अग्रगण्य नावे. पावसाळ्यात अंडी घालायला आलेल्या माद्या पकडायच्या, हलक्या दाबाने अंडी काढायची, नराच्या शुक्रद्रवाशी मिसळायची आणि वाहत्या पाण्यात उबवायची, अशी ही पद्धत. तिला यश आले. लोणावळ्याची पिल्ले अनेक राज्यांच्या जलाशयांत रवाना होऊ लागली.

१३/
त्यांतील काही कावेरीत गेली. कावेरी हे महाशीराच्या गळवाल्यांचे जागतिक तीर्थस्थान. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका गळवाल्याने याच खोऱ्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर पकडला होता. तो मासा ‘खुद्री’ नव्हता. पाठीला कुबड आणि नारिंगी पर असलेला तो कावेरीचा स्वतःचा महाशीर होता. १९७० च्या दशकापासून नदीत निळसर परांचा दख्खनी पाहुणा सोडला जाऊ लागला. हेतू स्वच्छ होता : मासे वाढावेत आणि नदी समृद्ध व्हावी.

१४/
गळीबोरे, भीमेश्वरी येथील छावण्यांवर देशोदेशीचे हौशी येत. आमिष तेच जुने : नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. सोमेश्वराच्या पिठाच्या गोळ्यांपासून आठ शतकांत यात फारसा फरक पडला नव्हता. नियम मात्र नवा होता : मासा वजन करून जिवंत सोडायचा आणि वहीत नोंद करायची. तारीख, तास, वजन, रंग. ही नोंद पुढे किती मोलाची ठरेल, याची कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती.

१५/
संरक्षित वनक्षेत्रातील गळाला २०१२ मध्ये मनाई झाली आणि छावण्या बंद पडल्या. त्यानंतर संशोधकांनी गळीबोरेच्या १९९८ ते २०१२ या काळातील वह्या तपासल्या. २३,००० हून अधिक तासांची मासेमारी, ६,००० हून अधिक महाशीर. आकड्यांनी जे सांगितले ते धक्कादायक होते. पाहुण्या निळसर महाशीराची संख्या वाढत गेली होती आणि कुबडवाला महाशीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. नव्या पिढीची लहान पिल्लेच गळाला लागत नव्हती.

१६/
आणखी एक विलक्षण गोष्ट पुढे आली. दीडशे वर्षे ज्याची छायाचित्रे छापली गेली, ज्याच्या पेंढा भरलेल्या प्रतिमा दिवाणखान्यांत टांगल्या गेल्या, त्या माशाची शास्त्रीय ओळखच निश्चित नव्हती. २०१८ साली भारतीय व ब्रिटिश संशोधकांच्या चमूने, ज्यात पुण्यातील नीलेश डहाणूकर होते, तो टॉर रेमादेवी असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. त्याच सुमारास दख्खनच्या खुद्रीचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून वगळले गेले. एकाला वाचवण्याचे यश दुसऱ्याच्या घरात संकट बनून शिरले होते. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगांची मासेमारी ही कारणेही होतीच.

१७/
असे केवळ भारतातच घडले नाही. अमेरिकेतील हौशी गळवाल्यांचा सर्वात लाडका मासा म्हणजे मोठ्या तोंडाचा बास. १९२५ साली आकाबोशी तेत्सुमा या जपानी उद्योजकाने तो हाकोनेजवळच्या आशी सरोवरात आणून सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि स्थानिक मासे फस्त करू लागला. २००५ मध्ये जपानने त्याला उपद्रवी परकीय जातींच्या कायद्याखाली आणले. हौसेने सोडलेला मासा परत बोलावता येत नाही, हा धडा दोन्ही देशांनी उशिरा घेतला.

१८/
महाशीर राखण्याची एक जुनी रीत गणेशपुरीच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. तानसा ज्या वैतरणेला मिळते, तिच्याच पात्रात वाडा तालुक्यातील तिळसे येथे तिळसेश्वराच्या मंदिरापाशी मोठमोठे महाशीर निर्धास्त फिरतात. ते देवाचे मासे. त्यांना चारायचे, पकडायचे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातही वरदायिनीच्या नावाने अशीच राखण चालते. तेथे प्रयोगशाळा नाही, परवाना नाही आणि बाहेरून आणलेला मासाही नाही. जो मासा ज्या पाण्यातला, तो त्याच पाण्यात राखला जातो.

१९/
गळवाल्यांना या कथेत खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. सोमेश्वराने मासे पकडता पकडता त्यांची वर्गवारी लावली. थॉमसने नद्यांच्या हालाकडे लक्ष वेधले. कावेरीच्या वह्या नसत्या, तर कुबडवाला महाशीर कधी संपत आला हे कळलेही नसते. चूक झाली ती पाणी पाहून मासा न निवडता, मासा पाहून पाणी निवडण्यात. दख्खनची नदी आणि कावेरी यांत फरक आहे, हे लक्षात घ्यायला हवे होते.

२०/
आज कोणी हौशी तरुण तानसा-वैतरणेच्या काठी काठी घेऊन बसणार असेल, तर नऊशे वर्षांचा हा इतिहास त्याला चार साध्या गोष्टी सांगतो. परवानगी कुठे लागते ते आधी विचारावे. तानसा तलावाचा परिसर अभयारण्य आहे. पावसाळ्यात चढणीच्या अंडीभरल्या माशांना जाऊ द्यावे. घरच्या टाकीतला मासा नदीत सोडू नये. आणि मासा सोडल्यावर वहीत एक ओळ लिहावी : तारीख, जागा, जात, वजन. कावेरीच्या माशाची कहाणी अशाच ओळींतून हाती लागली.