रहीम मास्तरांचं मैदान

मागच्या महिन्यात आठवीच्या तासाला एका पोरानं विचारलं, "सर, फुटबॉलवाले रिटायर झाले की गोल्फ का खेळतात?" त्यानं मोबाइलवर गॅरेथ बेलला बघितलं होतं. बेल जानेवारी 2023 मध्ये फुटबॉलमधून निवृत्त झाला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या पेबल बीचच्या स्पर्धेत हौशी खेळाडू म्हणून उतरला. वेळापुरात गोल्फ कुणी पाहिलेला नाही. आधी फळ्यावर भोक, झेंडा आणि काठी काढून दाखवली, मग उत्तर दिलं की त्यांच्याकडे पैसा असतो आणि वेळही असतो.

उत्तर खरं होतं, पण अर्धवट. आपल्याकडे गोल्फच्या मैदानावर गरिबाचा प्रवेश दुसऱ्याची बॅग उचलूनच व्हायचा. दिल्ली गोल्फ क्लबात बॅगा उचलणारा अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकला. त्याआधी 1965 मध्ये पी. जी. सेठी या हौशी भारतीयानं ती जिंकली होती. मधल्या काळात कुणी भारतीय नाही.

आणि फुटबॉलपटू? त्या पिढीच्या आपल्या फुटबॉलपटूंना निवृत्त व्हायला धड व्यवसायच नव्हता. ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालायचे, म्हणून कागदावर सगळे हौशी. कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत, कुणी टाटांकडे. मेलबर्नला 1956 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळायचा. खेळ तिशीत सुटायचा, नोकरी पुढे चालू राहायची. रिटायरमेंट दोनदा, आणि दुसरीच्या वेळी पहिली कुणाच्या लक्षातही नसायची.

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी एका मास्तरांची गोष्ट सांगितली. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, जन्म 1909. उस्मानिया विद्यापीठाकडून फुटबॉल खेळले, पदवी घेतली आणि शाळेत शिकवायला लागले. मी बीएड केलेला साधा मास्तर, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते हे आधीच कबूल करतो. 1943 पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं सचिवपद आणि हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचं प्रशिक्षण, दोन्ही त्यांच्याकडे होतं. त्यांच्याआधीच्या पिढीत त्याच शहरात सय्यद मोहम्मद हादी होऊन गेले होते. हे गृहस्थ 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळले, रणजी करंडकातलं पहिलं शतक त्यांचं, शिवाय फुटबॉल आणि हॉकीही. सात खेळांमुळे लोक त्यांना 'रेनबो' हादी म्हणत. हादींचं शिक्षण केंब्रिजला झालं होतं, हौस त्यांना परवडायची. रहीमसाबांनी ती पोलीस लाइनीतल्या पोरांपर्यंत नेली.

आता मुंबईकडे येतो. कूपरेजवर रोव्हर्स कप 1891 पासून चाले. सुरुवातीची कित्येक दशकं तो गोऱ्या पलटणींकडेच राहिला. 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला हिंदुस्थानी संघ ठरला. मग 1950 ते 1954 सलग पाच वर्षं कप हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला.

ही सालं नीट बघा. माझी दादी तुळजापूरकडची, म्हणजे निजामाच्या मुलुखातली. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, बीड, नांदेडकडच्या मुसलमान घरांवर काय गुजरलं हे आमच्या घरात बोललं जायचं, पण आवाज खाली घेऊन. त्यानंतर दोनच वर्षांनी हैदराबादचं नाव छातीवर लावलेला संघ मुंबईत खेळतो, मुंबईकर तिकीट काढून बघायला जातात, आणि ज्या नावाची आदल्या वर्षापर्यंत धास्ती होती त्या नावाला टाळ्या पडतात. फुटबॉलनं जखमा भरल्या असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण त्या टाळ्या पडल्या, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळसुद्धा नाही, ही माझी तक्रार आहे.

रहीमसाबांची शिकवायची पद्धत मला सर्वांत जास्त आवडते. ड्रिबलिंग बंद, असे सामने ते ठेवायचे, म्हणजे चेंडू लगेच दुसऱ्याला द्यायचा. फक्त कमकुवत पायानं खेळायचे सामनेही असायचे. उजव्या पायाचा खेळाडू डाव्यानं मारताना धडपडणार, लोक हसणार, आणि हळूहळू पाय तयार होणार. बीएडच्या दोन जाड पुस्तकांत मला इतकं सरळ काही सापडलं नाही.

1952 मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 नं चिरडलं, आपली काही पोरं तेव्हा अनवाणी खेळत होती. तोच प्रशिक्षक 1956 ला संघ चौथ्या क्रमांकावर नेतो. मग 1962 चं जकार्ता. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी येऊ दिलं नाही यावर भारताचे जी. डी. सोंधी बोलले होते, म्हणून स्टेडियम भारतावर खवळलेलं. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 2-0 नं हरलेला. अंतिम सामना पुन्हा कोरियाशी. डोक्याला टाके पडलेल्या बचावपटू जर्नेलसिंगला रहीमसाबांनी पुढे खेळवलं. पी. के. बॅनर्जींनी एक गोल मारला, जर्नेलनं दुसरा, 2-1. चुनी गोस्वामी कप्तान, संघात युसूफ खान, मुंबईच्या टाटांकडून खेळणारा गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको. त्या गर्दीत भारतासाठी ओरडणारे मोजकेच होते, त्यात पाकिस्तानची हॉकी टीम होती. हॉकीच्या फायनलमध्ये त्यांनी नुकतंच आपल्याला हरवलेलं होतं!

रहीमसाबांना तेव्हा कॅन्सर होता. 11 जून 1963 रोजी ते गेले. फुटबॉलचं आशियाई सुवर्ण त्यानंतर आपल्याकडे आलेलं नाही. 2024 मध्ये 'मैदान' सिनेमा आला, तेव्हा कुठे माझ्या स्टाफरूममध्ये त्यांचं नाव निघालं.

गोष्ट ऐकून पोरांनी शनिवारी डाव्या पायाचा सामना लावला. अर्धा तास एकही गोल नाही. ज्यानं गोल्फचं विचारलं होतं तो तीनदा आपटला आणि चौथ्यांदा चेंडू थेट बाजूच्या उसात घालवला. सगळे चेंडू शोधायला उसात शिरले, तिकडून मुकादम ओरडत आला.