पूर्वनिर्णयाची प्रथा : एक ऐतिहासिक टिपण

अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांकडे हायस्कूलचा विद्यार्थी नोव्हेंबरमध्येच अर्ज करू शकतो. उत्तर डिसेंबरच्या मध्यास मिळते. यांपैकी 'अर्ली डिसिजन' अर्थात पूर्वनिर्णय या प्रकारात प्रवेश मिळताच इतर अर्ज मागे घेण्याचे वचन त्यास द्यावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या या प्रथेने संस्थांची अनिश्चितता कमी केली. तिचा भार मात्र विद्यार्थ्यावर पडला. अर्थसाहाय्य अपुरे ठरल्यास वचनातून सुटका होऊ शकते. परंतु निरनिराळ्या महाविद्यालयांचे साहाय्य तोलून पाहण्याची संधी राहत नाही. गरजू विद्यार्थी म्हणूनच या वाटेस जाण्यास कचरतो. शिवाय पूर्वअर्जाचा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या तोडीचा असतो, असे एव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी २००३ मध्ये दाखविले. म्हणजे त्याची हानी दुहेरी होय.

२००६ मध्ये हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी पूर्वप्रवेश बंद करण्याचे घोषित केले. बहुतेक प्रतिस्पर्धी संस्थांनी अनुकरण केले नाही. २०११ मध्ये दोघींनीही तो, प्रवेश स्वीकारण्याचे बंधन न घालता, पुन्हा सुरू केला. स्पर्धेतून दृढ झालेली प्रथा एकदोन संस्थांच्या सद्भावनेने मोडत नाही, हेच यावरून दिसते.