पावसात टिकलेली शाई

परवा खांडबाऱ्याला गेलो, तेव्हा ट्रंकेतली आजोबांची वही काढली. कौलांतून गळलेलं पाणी लागून रॉयल ब्लूमधली पानं नुसता निळा डाग झालीत! शेताच्या वाटणीचं पान मात्र ब्लू-ब्लॅकमध्ये. अक्षर न अक्षर वाचता आलं, आणि बाबा-काकांचा जुना वाद तिथेच मिटला.

असं का? जुन्या पद्धतीची ब्लू-ब्लॅक म्हणजे हिराकस आणि मायफळातलं टॅनिन. लिहिताना फिकी, पण हवा लागली की कागदाच्या धाग्यांतच काळी पडते. मग पाण्यात विरघळत नाही. त्याआधी आपले मोडीचे कारकून काजळ-डिंकाची शाई वापरत. काजळ उन्हाने विटत नाही, बोरूला चालतं. फाउंटन पेनात मात्र तुंबतं.

१९३१ साली मुंबईत दिगंबर दांडेकरांनी 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या काढल्या. त्यातूनच पुढे कॅम्लिन झालं. आता पेनात चालणाऱ्या बारीक कार्बनच्या शायाही मिळतात.

मी हिराकसवालीच घेतली. ती आम्लयुक्त, म्हणून पेन अधूनमधून धुवायचं, एवढीच कटकट. असो. नातवंडांना वाचता आलं म्हणजे झालं!