मानोलो सांताना : चेंडू वेचणारा पोर आणि विम्बल्डनची हिरवळ

१ जुलै १९६६. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पुरुष एकेरीचा अंतिम सामना सुरू होता. एका बाजूला अमेरिकेचा डेनिस राल्स्टन, दुसऱ्या बाजूला माद्रिदचा २८ वर्षांचा मान्वेल सांताना, ज्याला सारा स्पेन ‘मानोलो’ म्हणे. रिवाजाप्रमाणे दोघेही पांढऱ्या पोशाखात होते. मात्र सांतानाच्या सदऱ्यावर छातीशी जे चिन्ह होते, त्याचा टेनिसशी काहीही संबंध नव्हता. ते रेआल माद्रिद या फुटबॉल क्लबचे बोधचिन्ह होते.

सांतानाने सामना ६-४, ११-९, ६-४ असा जिंकला. (त्या काळी टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट लांबतच जाई.) विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिला स्पॅनिश खेळाडू ठरला. पण या विजयाचे मोल गुणफलकावरून कळत नाही. त्यासाठी अठ्ठावीस वर्षे मागे, वेढा पडलेल्या माद्रिदमध्ये जावे लागते.

सांतानाचा जन्म १० मे १९३८ रोजी झाला. स्पेनचे गृहयुद्ध तेव्हा शेवटच्या वर्षात शिरत होते. मार्च १९३९ मध्ये माद्रिद जनरल फ्रान्कोच्या फौजांच्या हाती पडले आणि प्रजासत्ताकाचा पाडाव झाला. मानोलोचे वडील पराभूत पक्षाचे. त्याची शिक्षा म्हणून त्यांना तुरुंगवास भोगावा लागला, आणि मुलगा किशोरवयात असतानाच ते वारले. हे कुटुंब माद्रिदमधील ज्या प्रकारच्या इमारतीत राहत होते तिला स्पॅनिशमध्ये ‘कोर्राला’ म्हणतात. मध्ये चौक, भोवती लाकडी सज्जे, सज्ज्याला लागून एकेक खोलीची बिऱ्हाडे आणि सामाईक संडास. मराठी वाचकाला ‘चाळ’ हा एक शब्द पुरेसा आहे.

टेनिसशी त्याची गाठ पडली ती भावाच्या शिदोरीमुळे. मोठा भाऊ वेलास्केझ नावाच्या टेनिस क्लबात चेंडू वेचण्याचे काम करी. एके दिवशी त्याला खाणे पोहोचवायला धाकटा मानोलो गेला आणि तो खेळ पाहून तिथेच रमला. लवकरच तोही बॉल बॉय झाला. रॅकेट विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने खुर्चीच्या पाठीचे लाकूड तासून एक रॅकेट बनवली.

त्या काळच्या स्पेनमध्ये टेनिस हा कुंपणाआडचा खेळ होता, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. कोर्ट खासगी क्लबांची, सभासद धनिक वर्गातले. लिली आल्वारेझ ही स्पॅनिश खेळाडू १९२६ ते १९२८ अशी सलग तीन वर्षे विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली होती, परंतु तीही उच्चभ्रू समाजात वाढलेली. चेंडू वेचणाऱ्या पोराला त्या कुंपणाच्या आत येता येई ते चाकराच्या वाटेने. सांताना तिथून खेळाडूच्या वाटेवर आला, कारण क्लबच्या सभासदांपैकी रोमेरो-हिरोन या कुटुंबाने त्याला आधार दिला. अट एकच, त्याने सोडलेले शिक्षण पुन्हा सुरू करावे. ही उदारता खरीच होती. पण एका मुलाचे भाग्य एका घराच्या मर्जीवर अवलंबून होते, हेही तितकेच खरे. त्या सज्ज्यांमधल्या इतर मुलांचे काय झाले, त्याची नोंद इतिहासात नाही.

१९६१ मध्ये पॅरिसच्या लाल मातीवर, फ्रेंच स्पर्धेत, युरोपला या मुलाची ओळख पटली. उपांत्यपूर्व फेरीत त्याने रॉय इमर्सनला हरवले, उपांत्य फेरीत रॉड लेव्हरला. लेव्हरविरुद्धचा पाचवा सेट ६-० असा संपला. अंतिम सामन्यात समोर इटलीचा निकोला पिएत्रांजेली होता, मागील दोन वर्षांचा विजेता. पुन्हा पाच सेट झाले, पुन्हा सांताना जिंकला आणि कोर्टवरच ढसाढसा रडू लागला. त्याचे सांत्वन करायला पुढे आला तो पराभूत पिएत्रांजेली. ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारा सांताना हा पहिला स्पॅनिश पुरुष. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच अंतिम सामन्यात त्याने पिएत्रांजेलीला दुसऱ्यांदा हरवले.

त्याचा खेळ ताकदीचा नव्हता, मनगटाचा होता. जाळीलगत अलगद पडणारा ड्रॉप शॉट आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून भरपूर फिरकी घेऊन उतरणारा लॉब ही त्याची खास अस्त्रे. मातीवर ती चालतात, गवतावर चालत नाहीत, असा सर्वसाधारण समज होता. ‘गवत गाईंसाठी असते’ असे एक वाक्य सांतानाच्याच नावावर सांगितले जाते. त्याच सांतानाने १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधील गवतावर दक्षिण आफ्रिकेच्या क्लिफ ड्रिस्डेलला हरवून अमेरिकन विजेतेपद मिळवले. १९२८ च्या आंरी कोशेनंतर ते, ब्रिटन वगळता, कोणाही युरोपीय पुरुषाच्या हाती लागले नव्हते.

तरीही स्पेनमध्ये टेनिस घरोघर पोहोचले ते या चषकांमुळे नव्हे, तर डेव्हिस चषकामुळे. ऑगस्ट १९६५ मध्ये बार्सिलोनात स्पेनने अमेरिकेला ४-१ असे हरवले. सांतानाच्या सोबत हुआन गिस्बर्त आणि होसे लुईस अरिया होते, आणि ज्यांना खेळाचे नियमही ठाऊक नव्हते असे लोक टेलिव्हिजनसमोर बसले होते. पुढच्या लढतीत, बार्सिलोनातच, स्पेनने भारताला ३-२ असे नमवले. सिडनीच्या अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाने ४-१ असा विजय मिळवला. सांताना पहिल्या दिवशी दोन सेटची आघाडी घेऊनही फ्रेड स्टोलकडून हरला. निकाल लागून गेल्यावर त्याने इमर्सनला हरवले, पण त्याचा उपयोग नव्हता. १९६७ मध्ये ब्रिस्बेनला पुन्हा अंतिम लढत झाली आणि निकाल पुन्हा ४-१ असाच लागला. डेव्हिस चषक त्याच्या हाती कधीच आला नाही.

आता सदऱ्यावरच्या त्या चिन्हाकडे परत येऊ. स्पेनला तेव्हा फुटबॉलची भाषा समजत होती, आणि रेआल माद्रिद हे परदेशातही ओळखले जाणारे नाव होते. विम्बल्डनच्या राजेशाही वातावरणात चाळीत वाढलेला पोर ते चिन्ह लावून उतरला, म्हणजे तो आपल्या गल्लीची ओळख घेऊन उतरला. मात्र या चित्राची एक अस्वस्थ करणारी बाजू आहे. ज्या राजवटीने त्याच्या वडिलांना तुरुंगात टाकले, तीच आता मुलाचे यश देशाचा गौरव म्हणून मिरवत होती. सांतानाने याविरुद्ध बंड केले नाही. तो खेळत राहिला. त्याला दोष देण्याची घाई करू नये. फ्रान्कोच्या स्पेनमध्ये पराभूतांच्या मुलांना फारसे पर्याय नव्हते.

त्याच्या विजेतेपदांविषयी एक आक्षेप मात्र रास्त आहे. १९६८ पूर्वी ग्रँड स्लॅम स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंना खुल्या होत्या. पैसे घेऊन व्यावसायिक दौऱ्यात खेळणाऱ्यांना तिथे बंदी होती. लेव्हर १९६२ च्या अखेरीस व्यावसायिक झाला, केन रोझवॉल त्याच्याही आधी. म्हणजे १९६६ च्या विम्बल्डनमध्ये हे दोघे नव्हतेच. खुद्द स्पेनचा आंद्रेस हिमेनो १९६० मध्ये व्यावसायिक झाला आणि त्याची ऐन उमेदीची वर्षे या स्पर्धांबाहेर गेली. बंदी उठल्यावर, १९७२ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी त्याने फ्रेंच स्पर्धा जिंकली. त्या काळातला श्रेष्ठ स्पॅनिश कोण, हा वाद म्हणूनच केवळ चषक मोजून मिटणारा नाही. सांतानाच्या बाजूने एवढे सांगता येते की १९७० मध्ये बार्सिलोनाच्या अंतिम सामन्यात, सर्वांना खुल्या असलेल्या स्पर्धेत, त्याने लेव्हरला सरळ तीन सेटमध्ये हरवले. तेव्हा तो बत्तिशीचा होता.

विम्बल्डनने त्याला चटकाही दिला. १९६७ मध्ये गतविजेता म्हणून उतरला असता पहिल्याच फेरीत चार्ली पासारेलने त्याला घरी पाठवले. पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून टेनिस ठेवले गेले, आणि तिथे त्याने आपल्याच देशाच्या मान्वेल ओरांतेसला अंतिम सामन्यात हरवले.

निवृत्तीनंतर तो दोनदा स्पेनच्या डेव्हिस चषक संघाचा कर्णधार झाला. २००२ पासून माद्रिदच्या मोठ्या स्पर्धेचा संचालक म्हणून त्याने अनेक वर्षे काम पाहिले. विम्बल्डनची पुरुष एकेरी पुन्हा एखाद्या स्पॅनिश खेळाडूने जिंकायला २००८ साल उजाडावे लागले. तो राफाएल नदाल. ११ डिसेंबर २०२१ रोजी मार्बेया येथे, वयाच्या ८३ व्या वर्षी सांतानाचे निधन झाले. माद्रिदमध्ये ती स्पर्धा जिथे भरते, तिथल्या मुख्य कोर्टला त्याचे नाव आहे. दरवर्षी वसंतात त्याच्या कडेला माद्रिदची पोरे चेंडू वेचायला उभी असतात.