एका वांग्याची इटलीयात्रा

इटलीहून परतलेल्या धर्मगुरूला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो संत पेत्राच्या महामंदिराविषयी, आणि दुसरा जेवणाविषयी. पहिल्याचे उत्तर सोपे असते. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र मी अडखळतो. पालेर्मो, रोम, फ्लॉरेन्स आणि बोलोन्या या चार शहरांत मिळून आम्ही तिघा धर्मबंधूंनी सुट्टीचे पंधरा दिवस घालविले. परंतु 'इटालियन जेवण' नावाची वस्तू आम्हांला कोठेच भेटली नाही. भेटले ते सिसिलीचे जेवण, रोमचे जेवण, तोस्कानाचे जेवण. एका शहराने कौतुकाने वाढलेला पदार्थ दुसऱ्या शहरात मागितला, की वाढणारा असा चेहरा करी, जणू आम्ही परमुलखातली वस्तू मागितली आहे!

इतिहास ठाऊक असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. इटलीचे एकसंध राज्य घोषित झाले १८६१ साली, आणि रोम त्यात सामील झाले १८७० साली. त्याआधीची अनेक शतके या द्वीपकल्पात राज्ये निराळी, जकाती निराळ्या, बोली निराळ्या आणि चुलीही निराळ्या होत्या. देश एक झाला. स्वयंपाकघरे आपापल्या जागीच राहिली. तरीही या प्रवासात एक जिन्नस आम्हांला पुन:पुन्हा भेटत राहिला. तो म्हणजे आपले वांगे. त्याचा मागोवा घेता घेता मी अशा एका ठिकाणी येऊन पोहोचलो, की जेथे घास घशाखाली उतरेना.

प्रारंभ पालेर्मोत झाला. तेथे 'कापोनाता' नावाचा पदार्थ मिळतो. तळलेल्या वांग्याच्या फोडी, सेलरी, ऑलिव्ह, केपर नावाच्या खारविलेल्या कळ्या, टोमॅटो, आणि त्यावर साखर व व्हिनेगर यांची आंबटगोड झाक. या एका बशीत सिसिलीचा अर्धा इतिहास सामावला आहे. इ.स. ८२७ मध्ये अरबांनी या बेटावर स्वारी केली, ८३१ मध्ये पालेर्मो घेतले, आणि १०७२ मध्ये नॉर्मन सरदारांनी ते जिंकून घेईपर्यंत तेथे अरबांची सत्ता होती. लिंबू, ऊस आणि वांगे त्यांच्याबरोबर या भूमीत रुजले. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी असलेल्या अल्-इद्रिसी या अरब भूगोलवेत्त्याने ११५४ साली लिहून ठेवले आहे, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या शेवया तयार होतात आणि जहाजांतून मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जातात. म्हणजे मार्को पोलोने चीनमधून शेवया आणल्याची लोकप्रिय कथा खोटी ठरते. तो व्हेनिसला परतला तो १२९५ साली. टोमॅटो तर अमेरिकेचा. तो सोळाव्या शतकात आला.

वांग्याचे नावही प्रवाशाचेच आहे. संस्कृतातील 'वातिंगण' फारसीतून अरबीत जाऊन 'बादिंजान' झाले, असे भाषापंडित सांगतात. इटलीत त्याचे 'मेलानझाना' झाले, आणि लोकांनी त्या नावाची फोड केली 'मेला इन्साना', म्हणजे वेडे फळ! हे फळ खाल्ल्याने बुद्धिभ्रंश होतो, असा समज युरोपात दीर्घकाळ होता.

परंतु समज केवळ फळाविषयी नव्हता. तो खाणाऱ्यांविषयीही होता. सिसिलीत शतकानुशतके यहुदी लोक राहत होते. त्यांची बोली अरबी वळणाची आणि स्वयंपाक बेटाच्या मातीतला होता. हे बेट तेव्हा आरागॉनच्या राजाच्या ताब्यात होते. १४९२ साली त्याने यहुद्यांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला आणि पुढील वर्षाच्या आरंभी त्यांना बेट सोडावे लागले. पाठोपाठ नेपल्सच्या राज्यातूनही ते निघाले. त्यांतले अनेकजण रोमला आले. रोममधील यहुद्यांच्या पाच प्रार्थनामंडळांपैकी एकाचे नावच 'सिसिलियन' होते. माणसे निघतात तेव्हा भांडी मागे राहतात. चवी मात्र बरोबर येतात.

रोममध्ये तैबर नदीच्या काठी, प्राचीन ओक्ताव्हिया स्तंभद्वाराजवळ, आम्ही एका छोट्या खाणावळीत बसलो. समोर 'यहुदी पद्धतीचा' आर्टिचोक आला. ऑलिव्ह तेलात दोनदा तळलेला, पाकळ्या फुलाप्रमाणे उमललेल्या, कुरकुरीत. रोमन स्वयंपाकात डुकराच्या चरबीचा सढळ वापर असे. यहुद्यांना ती निषिद्ध, म्हणून त्यांनी तेल धरले. मी चवीने खात होतो. तेवढ्यात बरोबरच्या धर्मबंधूने सहज विचारले, "फादर, आपण कोठे बसलो आहोत, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. गुरुकुलात ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना ते परीक्षेपुरते पाठ केले होते. १४ जुलै १५५५ रोजी पोप चौथे पॉल यांनी आज्ञापत्र काढून रोमच्या यहुद्यांना याच वस्तीत कोंडले. रात्री दरवाजे बंद. पुरुषांना डोक्यावर पिवळी टोपी सक्तीची. घरजमीन बाळगण्यास बंदी. आणि व्यापार? जुन्यापुराण्या चिंध्यांचा तेवढा करावा. धान्य व मनुष्याच्या निर्वाहाला लागणाऱ्या वस्तू यांच्या व्यापाराला मनाई! ज्या रुचकर घासाची मी वाखाणणी करीत होतो, तो या आज्ञेखाली तीनशे वर्षे जगलेल्या चुलींवरचा होता. १५६९ साली पायस पाचवे यांनी रोम आणि अंकोना वगळता आपल्या राज्यातून यहुद्यांना बाहेर काढले. १८४८ साली पायस नववे यांच्या काळात या वस्तीच्या भिंती पाडण्यात आल्या, परंतु नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले ते १८७० मध्ये पोपची राजसत्ता संपल्यावरच.

येथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गोव्याचा धर्मप्रांत महाधर्मप्रांताच्या पदाला चढला, तो याच चौथ्या पॉल यांच्या कारकिर्दीत. ज्या लेखणीने आपल्या पूर्वजांच्या ख्रिस्तसभेला मान दिला, तिनेच तैबरकाठी दरवाजाला कुलूप घातले. पहिली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. दुसरी सांगण्याचे धैर्य आपण दाखवले नाही, तर पहिलीचा अभिमान पोकळ ठरेल.

बाहेर पडलो तेव्हा भिंतीवरचा एक फलक दिसला. १६ ऑक्टोबर १९४३ या दिवशी नाझी सैनिकांनी याच परिसरात धरपकड सुरू केली. हजाराहून अधिक माणसे आउशविट्झला पाठविली गेली. परत आली ती सोळा. पुढे १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या यहुदी प्रार्थनामंदिरात गेले. तैबर ओलांडून जायला व्हॅटिकनहून फार वेळ लागत नाही; ख्रिस्तसभेला मात्र ते अंतर कापायला शतके लागली.

फ्लॉरेन्सला मीठ नसलेला पाव चावताना मला पेल्लेग्रीनो आर्तुसी आठवले. पोपच्या राज्यातील फोर्लिम्पोपोली गावी जन्मलेल्या या व्यापाऱ्याने १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने एक पाककृतींचा ग्रंथ छापला. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. १९११ साली ते वारले तोवर त्या ७९० झाल्या होत्या. निरनिराळ्या प्रांतांची स्वयंपाकघरे त्यांनी एका भाषेत आणून बसविली. त्याच ग्रंथात त्यांनी नोंदविले आहे, की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी आणि बडीशेपेचे कंद क्वचितच दिसत, कारण ते यहुद्यांचे हलके अन्न समजले जाई. ज्यांचे अन्न हीन ठरविले, त्यांचीच पारख अखेर खरी ठरली, याची कबुलीही ते देतात. मला ही कबुली एखाद्या प्रायश्चित्तासारखी वाटली.

शेवटच्या मुक्कामी, बोलोन्यात, पदार्थांना सनदा आहेत. १६६१ साली कार्डिनल फार्नेसे यांनी मोर्तादेल्ला कसा करावा याचा हुकूम काढला. १९७२ साली 'तालियातेल्ले' या पट्टीसारख्या शेवयांची शिजल्यानंतरची रुंदी आठ मिलिमीटर, अशी तेथील व्यापारमंडळाकडे रीतसर नोंद झाली. वांग्याला कोणी सनद दिली नाही. बंदरातून, हद्दपारीतून, कुलूपबंद वस्तीतून वाट काढीत ते स्वतःच्या चवीवर उभे राहिले.

घरी परतल्यावर स्वयंपाक्याने भरीत केले होते. मनात आले, याच मातीतून निघालेले नाव पोर्तुगिजांच्या तोंडी 'बेरिंजेला' होऊन परत आले आणि इंग्रजीत 'ब्रिंजल' झाले. ताटावर आशीर्वाद मागताना त्या दिवशी मी नेहमीपेक्षा अंमळ अधिक थांबलो. ज्या हातांनी हे अन्न जगविले, त्या हातांसाठीही एक शब्द उच्चारणे मला आवश्यक वाटले.