मधल्या सुट्टीत शिक्षक कुठे असतात?

आजची गोष्ट नॉर्वेची आहे. विषय थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा.

१९८२ साल संपत आलं होतं. नॉर्वेच्या उत्तर भागातल्या तीन मुलांनी आत्महत्या केल्याची बातमी पेपरात आली. वयं १० ते १४. बरोबरीच्या मुलांनी त्यांचा खूप छळ केला होता आणि बहुधा तेच कारण होतं. देश हादरला. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, तिथल्या शिक्षण खात्याने शाळांतल्या बुलिंगविरुद्ध देशभर मोहीम काढली.

एवढ्या लवकर हे जमलं, कारण या प्रकाराला तिकडे नाव आधीच मिळालं होतं. शेजारच्या स्वीडनमध्ये पेटर-पॉल हाइनेमन नावाच्या डॉक्टरांनी १९६९ मध्ये यावर लिहिताना ‘मॉबिंग’ हा शब्द वापरला. तो आला होता पक्ष्यांच्या अभ्यासातून. आपल्याकडे कावळे घोळका करून घुबडामागे लागतात ना, तसं.

डॅन ओल्वेउस या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाला मात्र हे चित्र पूर्ण पटलं नाही. घोळका म्हटलं की सगळेच दोषी, म्हणजे कुणीच नाही. वर्गात तसं नसतं. बहुतेक वेळा दोन-तीन मुलं पुढे असतात आणि त्रास त्याच एकाला, पुन्हा पुन्हा होतो. म्हणून त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, परत परत केलेलं आणि ताकद सारखी नसलेलं. ही तिसरी खूण फार महत्त्वाची. दोन सारख्या मुलांची मारामारी म्हणजे भांडण. ज्याला उलटून काही करताच येत नाही त्याला रोज गाठणं, हे बुलिंग. ‘अरे, मस्करी केली’ ही पळवाट इथे बंद होते.

मोहिमेच्या वेळी ओल्वेउस नॉर्वेच्या बर्गन शहरात होते. तिथल्या ४२ शाळांमधल्या सुमारे २,५०० मुलांचा त्यांनी अडीच वर्षं पाठपुरावा केला. आधी निनावी प्रश्नावली, म्हणजे आपल्याच शाळेत किती मुलांना त्रास होतोय हे शिक्षकांना आकड्यांत दिसलं. मग वर्गात साधे नियम ठरले: कुणाला छळायचं नाही, छळ होत असेल त्याला मदत करायची, एकटं पडलेल्याला सोबत घ्यायचं. यावर वर्गात नियमित बैठका झाल्या. छळणाऱ्या मुलांशी आणि पालकांशी स्पष्ट बोलणं झालं. आणि मधल्या सुट्टीत मैदानावर मोठ्या माणसांचं लक्ष वाढवलं.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाहीये. ओल्वेउस यांना दिसलं होतं की सुट्टीत जिथे जास्त शिक्षक बाहेर असतात, तिथे बुलिंग कमी होतं. उलट ‘चश्मा आहे, जाडा आहे, म्हणून त्रास देतात’ या समजुतीला त्यांच्या अभ्यासात फारसा आधार मिळाला नाही. म्हणजे त्रास होणाऱ्या मुलात खोट शोधत बसण्यापेक्षा शाळेने स्वतःकडे बघायला हवं.

बर्गनमध्ये बुलिंग जवळपास निम्म्यावर आलं. पण त्याच देशात, रोगालान भागातल्या शाळांमध्ये तीन वर्षांनी पाहिलं तर घट दिसली नाही. यातला धडा साधा आहे: पुस्तिका वाटून काम होत नाही, शाळेला मागे लागावं लागतं.

पुढचा धागा फिनलंडचा. १९९६ मध्ये क्रिस्तीना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघ्यांकडे लक्ष वेधलं. काही जण साथ देतात, काही हसून चेव आणतात, काही मान फिरवतात आणि काही मधे पडतात. हसणारे कमी झाले तर छळणाऱ्याला मिळणारा भाव कमी होतो. याच विचारावर तिथे ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम उभा राहिला. फिनिश भाषेत किवा म्हणजे छान.

आणि आपण? रॅगिंग म्हटलं की आपल्याला कॉलेजचं होस्टेल आठवतं. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ मध्ये कायदाही केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली. पण वर्गातल्याच मुलांकडून त्रास होत असेल, तर सहावीतल्या मुलाला अजूनही ‘तू पण दोन लगाव ना!’ हाच सल्ला मिळतो. ज्याची ताकदच कमी आहे त्याला हा सल्ला काय कामाचा?

ऐकणाऱ्यांपैकी कुणी आज हे सोसत असेल, तर चूक तुझी नाही. आई-बाबा, ताई-दादा, विश्वासाचे शिक्षक, कुणालातरी सांग. कुणीच नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. आणि बाकीच्यांनी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची खेचाखेची सुरू झाली की हसण्याचा इमोजी टाकण्याआधी एक करा. ज्याची खेचतायत त्याला वेगळा मेसेज टाका: ‘ठीक आहेस ना?’

भेटू पुढच्या भागात.